लस टोचली, तरी गाठी का आल्या?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार खोंड घ्यायला आलेला माणूस पूर्वी आधी दात पाहत असे, मग खूर, मग चाल. २०२२ नंतर या पाहणीत एका गोष्टीची भर पडली आहे. तो खोंडाच्या मानेवरून आणि पाठीवरून सावकाश हात फिरवतो आणि जुन्या गाठींचे वण हाताला लागतात का ते चाचपतो. वण लागले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'लस टोचली नव्हती का?' आणि मालकाचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते, 'टोचली होती की. कानात बिल्ला आहे. तरी आल्या गाठी.'

मालक खोटे बोलत नसतो. लस टोचूनही जनावराला लम्पीच्या, म्हणजे गाईगुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाच्या, गाठी येऊ शकतात; मात्र त्यामागची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा लशीच्या बऱ्यावाईटपणाशी संबंध नसतो. 'लस टोचून उपयोग नाही' हा निष्कर्ष गोठ्यागोठ्यांतून पसरतो तो ही कारणे वेगवेगळी न पाहिल्यामुळे. गेल्या दहा-बारा वर्षांत या रोगावर जे संशोधन झाले आहे, त्याच्या आधारे ती वेगळी करून पाहता येतात.

प्रथम विषाणूची ओळख करून घेऊ. लम्पीचा विषाणू हा देवीच्या कुळातला आहे. माणसांच्या ज्या देवी रोगाने एके काळी गावेच्या गावे उद्ध्वस्त केली, त्याचा हा दूरचा नातलग. शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे मात्र त्याचे सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे. या तिन्ही विषाणूंचा जनुकीय मजकूर सुमारे दीड लाख अक्षरांचा असतो आणि त्यातला ९६ ते ९७ टक्के भाग सारखा असतो. हे साम्य लक्षात ठेवावे, कारण भारतातल्या लसीकरणाची सगळी कथा त्यावरच उभी आहे. माणसाला हा रोग होत नाही.

रोगाची पहिली नोंद १९२९ साली आजच्या झांबियात झाली. गाईंच्या अंगावर अचानक आलेल्या त्या गाठी विषारी वनस्पती खाल्ल्याने किंवा कीटकदंशाच्या वावड्यामुळे आल्या असाव्यात, असे त्या वेळी मानले गेले. हा संसर्गजन्य रोग आहे हे कळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. कीटकांवरचा तो पहिला संशय पूर्णपणे चुकीचा नव्हता, हे मात्र बरेच नंतर उमगले. पुढे १९८८ मध्ये इजिप्त, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस अशी मजल मारत हा रोग २०१९ मध्ये बांगलादेशात आणि त्याच वर्षी ओडिशात पोहोचला. २०२२ मध्ये गुजरात आणि राजस्थानात त्याने थैमान घातले आणि त्या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक जनावरे दगावली. महाराष्ट्रात त्या लाटेची सुरुवात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातून झाली आणि सप्टेंबरमध्ये सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊन जनावरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर बंदी आली. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण ऊस, दूध आणि जनावरांचा बाजार यांभोवती फिरते, त्या सोलापूरला ती बंदी कशी जाणवली असेल, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता विषाणू एका जनावरापासून दुसऱ्याकडे जातो कसा, या प्रश्नाकडे वळू. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण लशीविषयीचे अर्धे गैरसमज या टप्प्यावर जन्म घेतात.

ब्रिटनमधील पिरब्राइट संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बंदिस्त प्रयोगशाळेत वासरांना लम्पीच्या विषाणूची बाधा केली आणि चार प्रकारचे रक्तपिपासू कीटक त्यांच्या अंगावर सोडले : दोन जातींचे डास, एका जातीची चिलटे आणि गोठ्यात नेहमी आढळणारी चावरी माशी. ही माशी दिसायला घरमाशीसारखीच असते. परंतु तिच्या तोंडाला पुढे निघालेली टोकदार सोंड असते आणि नर व मादी दोघेही रक्त पितात. गाय दावणीला उभी असताना सारखी पाय आपटत असेल, तर बहुतेक वेळा हीच माशी तिच्या पायांना डसत असते.

चारही जातींच्या कीटकांनी बाधित जनावराकडून साधारण सारख्याच प्रमाणात विषाणू उचलला. मात्र त्यांच्यापैकी डासांची एक जात आणि चावरी माशी यांच्यात तो अधिक काळ, म्हणजे आठ दिवसांपर्यंत टिकून राहिला. कीटकाच्या शरीरात विषाणूची वाढ होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात वाढतात, तेव्हा कुठे तो डास धोकादायक ठरतो. त्याला काही दिवस लागतात. लम्पीत तशी गरज नाही. येथे माशी म्हणजे केवळ वापरलेली, न धुतलेली सुई होय. गाईने शेपटी मारली, माशी अर्धवट पोट भरलेली उडाली आणि शेजारच्या कालवडीच्या पायावर जाऊन बसली, की तिचे काम झाले. रक्त पिताना जी माशी जास्त वेळा हुसकली जाते, ती जास्त जनावरांना डसते. संशोधकांनी या निरीक्षणांची सांगड कीटकांच्या आयुष्यमानाशी आणि आधीच्या माहितीशी घालून असे गणित मांडले, की चावऱ्या माशीमार्फत एका आजारी जनावरापासून सरासरी १९ जनावरांपर्यंत संसर्ग जाऊ शकतो, चिलटांमार्फत सुमारे सात आणि डासांच्या त्या एका जातीमार्फत दोन ते तीन. हे गणिती प्रारूपातून आलेले आकडे आहेत, आपल्या गोठ्यात मोजलेले नव्हेत, त्यामुळे '१९' हा आकडा वेदवाक्य मानू नये. परंतु माशी, चिलट आणि डास यांच्यातला चढउतार त्यातून पुरेसा स्पष्ट होतो.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. बाधा केलेल्या सगळ्याच वासरांना गाठी आल्या नाहीत; काहींच्या अंगात विषाणू होता, पण बाहेरून ती धडधाकट दिसत होती. अशा वासराकडून कीटकाला विषाणू मिळण्याची शक्यता गाठी आलेल्या वासराच्या तुलनेत ९७ टक्क्यांनी कमी निघाली. याचे कारण सोपे आहे. रक्तात विषाणू थोडा आणि थोडे दिवस असतो. त्याचे खरे भांडार गाठींमध्ये असते. म्हणजे लम्पीत शत्रू बराचसा डोळ्यांना दिसणारा आहे. ज्या जनावराला गाठी आल्या, ते त्याच दिवशी दावणीवरून सोडून लांब बांधणे आणि त्याच्या अंगावर माशी बसू न देणे यातून संसर्गाची मोठी वाट बंद होते. गाठ फुटून खपली पडली तरी काम संपत नाही, कारण वाळलेल्या खपलीत हा विषाणू ३५ दिवसांपर्यंत टिकू शकतो आणि अंधाऱ्या, ओलसर गोठ्यात त्याहूनही अधिक काळ. सूर्यप्रकाश मात्र त्याला मानवत नाही. ही चावरी माशी अंडी घालते ती ओल्या, कुजणाऱ्या गवतात आणि शेण-मूत मिसळलेल्या उष्ट्या वैरणीत. म्हणजे उसाचे वाढे आणि कडब्याचे बुडखे गव्हाणीखाली महिनाभर कुजत पडलेल्या गोठ्यात आपण तिला आयते माहेरच देतो.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ.

विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात. जागतिक पशुआरोग्य संघटना आपल्या नियमांसाठी ही मुदत २८ दिवसांपर्यंत धरते. दुसऱ्या बाजूला, लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. ही दोन्ही घड्याळे एकाच वेळी चालू असतात. समजा, वस्तीवरच्या एका गाईला गाठी दिसल्या, ती बातमी ऐकून आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावले आणि सहा जनावरांना लस टोचून घेतली. त्या सहांपैकी दोघांना चार दिवसांपूर्वीच माशी डसली असेल, तर पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगावर गाठी येतील, आणि गावात सांगितले जाईल की 'लस टोचल्यावर लम्पी आला'. वास्तविक लस टोचण्यापूर्वीच तो आलेला होता. टोचणी आणि पहिली गाठ यांमधले अंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत असेल, तर बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

रोग दाराशी आल्यावर टोचणे आणि येण्याआधी टोचणे यांतला फरक किती मोठा असतो, हे बाल्कन देशांत दिसले. २०१६ मध्ये आग्नेय युरोपात लम्पीची ७,४८३ ठिकाणी नोंद झाली. त्यानंतर तेथील देशांनी रोग सीमेवर येण्याची वाट न पाहता सलगपणे, लहान-मोठ्या सगळ्या गोठ्यांत लसीकरण केले आणि २०१७ मध्ये हा आकडा ३८५ वर आला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केलेल्या गणिती विश्लेषणात तर असे आढळले, की लस अवघी ४० टक्के परिणामकारक ठरली, तरी सार्वत्रिक लसीकरणाचा परिणाम बाधित कळप मारून टाकण्याच्या धोरणापेक्षा अधिक असतो. गाय मारणे हा पर्याय आपल्याकडे नाहीच, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्या दृष्टीने दुप्पट मोलाचा आहे.

दुसरे कारण मात्र खरोखर लशीकडे बोट दाखवते. १७९६ मध्ये एडवर्ड जेनर याने गाईच्या देवीतील द्रव माणसाला टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवले, आणि लशीचे इंग्रजी नावही 'गाय' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. २०१९ नंतर भारतात या गोष्टीचा जणू पुढचा भाग घडला. लम्पीची स्वतःची लस देशात नव्हती. शेळ्यांच्या देवीची लस होती. भावकीतला विषाणू असल्याने तीच गाईला टोचण्यात आली. तेव्हा माणसाने गाईकडून उसने घेतले होते, आता गाईने शेळीकडून घेतले. २०२२ च्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर टोचली गेली ती ही उसनी लस.

उसनी लस निरुपयोगी असते, असे अजिबात नाही. इथिओपियातील एका तुलनात्मक प्रयोगात शेळ्यांच्या देवीच्या एका लशीने गाईंना उत्तम संरक्षण दिले आणि लम्पीचीच म्हणवली जाणारी लस तेथे फिकी पडली. याउलट इस्रायलमध्ये दुधाळ गाईंवर प्रत्यक्ष गोठ्यांत झालेल्या चाचणीत मेंढ्यांच्या देवीची लस दसपट मात्रेत देऊनही लम्पीच्या विषाणूपासून बनवलेली लस तिच्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. म्हणजे कोणत्या विषाणूपासून, किती मात्रेत आणि कशा प्रतीची लस बनवली, यावर सारे अवलंबून असते. शिवाय ही जिवंत विषाणूची लस असल्याने कारखान्यापासून वस्तीपर्यंत ती थंड राहणे अनिवार्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असताना माळशिरस किंवा करमाळ्याच्या टोकाच्या वाडीवर बर्फाच्या डब्यातून लस नेणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाची कसरत ज्याने पाहिली आहे, त्याला ही अट किती जड आहे ते समजेल. विरघळवलेली लस तासन्‌तास उन्हात राहिली, तर सुई टोचली जाते, बिल्ला लागतो, नोंद होते. फक्त आतला विषाणू मेलेला असतो.

देशी लशीचे काम याच काळात हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात चालू होते. तेथील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये रांचीच्या गाईंमधून मिळालेला लम्पीचा विषाणू वेगळा केला आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने त्यापासून लस तयार केली. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. विषाणू गाईत न वाढवता प्रयोगशाळेतील पेशींच्या थरावर वाढवायचा, त्याची पिल्लावळ उचलून नव्या थरावर टाकायची, आणि असे पुन्हा पुन्हा, या लशीच्या बाबतीत ५० वेळा, करत राहायचे. तालमीतला पैलवान वर्षानुवर्षे गादीवर नुसता बसून राहिला तर त्याची कुस्ती सुटते. तसे या आरामाच्या वातावरणात विषाणूला गाईच्या प्रतिकारशक्तीशी झुंजण्यासाठी लागणारी जनुके बाळगण्याचे कारण उरत नाही आणि त्याच्या मजकुरातले काही तुकडे गळून पडतात. उरतो तो दिसायला लम्पीसारखाच, पण आजार निर्माण करण्याची ताकद गमावलेला विषाणू. 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' या नावाने ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे तंत्रज्ञान पुण्यातील राज्य सरकारच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला.

लस दिल्यानंतर क्वचित काही गाईंना टोचल्या जागी सूज येते किंवा अंगावर मोजक्या, बारीक गाठी उठतात आणि त्या लवकर जिरतात. ही लशीतल्या दुबळ्या विषाणूची खूण असते. परंतु गाठ पाहून ती रोगाची की लशीची हे कसे ओळखायचे? नेहमीच्या रक्तचाचणीत दोन्हींकडे प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडतात. ही अडचण केवळ गोठ्यापुरती नाही. कझाकस्तानात वापरलेल्या एका लशीत निरनिराळ्या विषाणूंची भेसळ झाली होती आणि त्यांच्या संकरातून तयार झालेले विषाणू २०१७ पासून रशियात व पुढे चीन, व्हिएतनामपर्यंत रोग पसरवत गेले, असे बेल्जियममधील संशोधकांनी २०२२ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी दाखवले. जिवंत लस बनवताना शुद्धतेचा आग्रह का धरावा, याचे याहून कडक उदाहरण मिळणार नाही. आपल्याकडील २०१९ चा विषाणू या संकरांपैकी नव्हता. त्याचे नाते केनियातील जुन्या वाणाशी होते.

लशीची खूण आणि रोगाची खूण वेगळी ओळखता येईल अशी लस आता झाली आहे. हिस्सारच्याच केंद्राच्या सहकार्याने भारत बायोटेक समूहातील बायोव्हेट या कंपनीने बनवलेल्या 'बायोलम्पिव्हॅक्सिन'ला फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. तिचे तत्त्व असे की, लशीतल्या विषाणूत मूळ विषाणूचा एखादा ओळखीचा भाग नसतो. साहजिकच लस टोचलेल्या गाईच्या रक्तात त्या भागाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि खरी बाधा झालेल्या गाईत होतात. रक्त तपासले की उत्तर मिळते. रोगमुक्तीचा दाखला मागणाऱ्या निर्यातदाराला याचा उपयोग आहेच, पण 'लस टोचली तरी गाठी आल्या' हा वाद प्रयोगशाळेत मिटवण्याची सोय त्यामुळे पहिल्यांदाच झाली आहे.

वासरांचे गणित निराळे आहे. लस घेतलेल्या किंवा लम्पीतून उठलेल्या गाईच्या चिकात प्रतिपिंडे असतात आणि चीक पिणाऱ्या वासराला काही महिने त्यांचे कवच मिळते. हे कवच जसे रोगाच्या विषाणूला अडवते, तसेच लशीतल्या विषाणूलाही मारून टाकते. म्हणून अशा वासराला जन्मल्यावर लगेच लस टोचणे म्हणजे ती वाया घालवणे होय. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, कवच विरत आल्यावर ती टोचावी असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे मार्गदर्शन आहे. लस न घेतलेल्या गाईच्या वासराला मात्र थांबण्याचे कारण नाही. आपल्या शिबिरांत बिल्ला नसलेली वासरे पुष्कळदा मोजणीतच येत नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच आधी आजारी पडतात. गोठ्यात पंढरपुरी म्हशी असतील तर लम्पीची चिंता तुलनेने कमी, कारण म्हशींत हा रोग गाईंपेक्षा बराच कमी आढळतो. संकरित गाईंत तो खिल्लारपेक्षा सहसा तीव्र असतो.

एक शंका उरते. विषाणूच बदलला असेल तर? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आजारी गाईंच्या २२ नमुन्यांतला विषाणूचा जनुकीय मजकूर वाचून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना दोन वेगळे गट सापडले. एक २०१९ च्या रांची आणि २०२० च्या हैदराबादच्या विषाणूशी जुळणारा. दुसऱ्यात १,८०० हून अधिक फेरफार, आणि तो २०१५ मधील रशियातील विषाणूच्या जवळचा. देवीच्या कुळातले विषाणू करोनासारखे झरझर बदलत नाहीत, हे ध्यानात घेता हा फरक चार वर्षांत घरच्या घरी पडला असण्यापेक्षा निराळ्या वाटेने आलेला असण्याचा संभव मला अधिक वाटतो. दीड लाख अक्षरांत १,८०० म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. शेळीच्या देवीचा विषाणू तर याहून अधिक वेगळा असूनही त्याची लस बऱ्याच गाईंना तारून गेली. म्हणून केवळ या आकड्यावरून लस बाद ठरवता येत नाही. पण असे नमुने वाचत राहणे आवश्यक आहे.

सोलापूर जिल्ह्यात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, माश्यांचा सुकाळ त्यालाच लागून येतो, आणि त्यापाठोपाठ गळीत हंगामासाठी बैलगाड्या घेऊन ऊसतोड कामगार बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. शेकडो अनोळखी बैल कारखान्याच्या तळावर एकमेकांशेजारी बांधले जातात. तीन आठवड्यांचे घड्याळ मागे मोजले, तर मे-जूनमध्ये टोचलेली लस या दिवसांसाठी कामाची, आणि सप्टेंबरअखेरीस टोचलेली जुगार. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. त्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकावर लस टोचल्याची तारीख नोंदवता येते. बाजारात वण चाचपणाऱ्या माणसाने ती तारीख मागावी, मालकाला पहिली गाठ कधी दिसली ते विचारावे आणि दोन्हींमधले दिवस बोटांवर मोजावेत.